मेंदूवर भार किती, आणि कसला?



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचं आयुष्य पदार्थविज्ञान शिकवण्यात गेलं. म्हणून विषय मोजमापाचाच निवडला. फक्त मोजायची वस्तू जरा अवघड आहे.

2000 सालाच्या आसपास ज्यांनी कचेरीत संगणकावर काम केलं असेल, त्यांना मायक्रोसॉफ्ट ऑफिसमधले आखूड होणारे मेनू आठवतील. ऑफिस 2000 मध्ये एक सोय आली होती. तुम्ही कोणत्या आज्ञा वारंवार देता हे प्रोग्रॅम लक्षात ठेवायचा आणि बाकीच्या लपवून टाकायचा. हेतू चांगला होता, पसारा कमी व्हावा हा. पण महिन्यातून एकदा लागणारी आज्ञा नेमकी हवी तेव्हा जागेवर नसायची, आणि माणूस खालच्या बाणावर टिचकी मारून ती शोधत बसायचा. 2007 च्या आवृत्तीत रिबन, म्हणजे आज्ञांची रुंद पट्टी, आली आणि मुख्य प्रोग्रॅममधून ते मेनू गेले.

वापरणाऱ्याकडे बघून स्वतःला बदलणाऱ्या अशा पडद्यांना आपण जुळवून घेणारे इंटरफेस म्हणू. आज तुमच्या खिशातला फोन त्यांनी भरलेला आहे. कीबोर्डच्या वर येणारे सुचवलेले शब्द, नकाशाने आपणहून काढलेला ऑफिसचा रस्ता, सगळ्यात वर येऊन बसलेलं अॅप, ही सगळी त्याच कुळातली. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या लिआ फिंडलेटर आणि जोआना मॅक्ग्रेनियर यांनी 2004 साली तीन प्रकारचे मेनू लोकांकडून वापरून घेतले: कधीच न बदलणारा, आपोआप बदलणारा, आणि वापरणाऱ्याने स्वतः बदलायचा. आपोआप बदलणाऱ्यापेक्षा न बदलणाऱ्या मेनूवर काम लवकर झालं. सर्वाधिक पसंती मात्र स्वतः बदलता येणाऱ्याला मिळाली. म्हणजे वेग एक सांगतो आणि आवड दुसरंच. मग अशा इंटरफेसचा अनुभव बरा की वाईट, हे ठरवायचं कशावरून?

रूढ उत्तर आहे, विचारा. या क्षेत्रात सर्वांत जास्त वापरली जाणारी प्रश्नावली नासाच्या एम्स संशोधन केंद्रात तयार झाली. सँड्रा हार्ट आणि लोवेल स्टेव्हलँड यांनी ती 1988 साली प्रसिद्ध केली. तिच्यात सहा पट्ट्या आहेत: बौद्धिक ताण, शारीरिक ताण, वेळेची घाई, काम किती जमलं, मेहनत किती पडली आणि चिडचिड किती झाली. काम संपलं की प्रत्येक पट्टीवर खूण करायची. साधी, स्वस्त आणि टिकाऊ पद्धत आहे. मी ती आजही वापरतो आणि वापरत राहीन.

तिची अडचण 'काम संपलं की' या शब्दांत आहे. डोनाल्ड रेडेलमायर आणि डॅनियल काहनेमन यांनी 1996 साली मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीतून जाणाऱ्या 154 रुग्णांचा अभ्यास छापला. तपासणी चालू असताना दर मिनिटाला वेदना किती हे रुग्ण नोंदवत होते, आणि नंतर एकूण त्रास किती झाला हेही सांगत होते. नंतरचं मत वेदनेच्या कळसावर आणि शेवटच्या काही मिनिटांवर बेतलेलं निघालं. तपासणी किती वेळ चालली याचा त्यावर जवळपास परिणामच नव्हता. माणूस अनुभव एक घेतो आणि आठवण वेगळी ठेवतो. स्थिर पडद्याच्या बाबतीत हे एक वेळ चालून जाईल. पण जो पडदा अर्ध्या तासात चाळीस वेळा बदलतो, त्याच्याबद्दल शेवटी एक खूण करून घेतली, तर कोणता बदल उपयोगी पडला आणि कोणता आडवा आला हे त्या खुणेत कुठेच उरत नाही. बरं, प्रत्येक बदलानंतर थांबवून विचारावं, तर तो विचारणाराच नवा अडथळा होतो. शिवाय दोन माणसांसमोरचे पडदे सारखे नसतात. मग सरासरी काढायची ती कशाची?

इथे मेंदूचं मोजमाप खुणावू लागतं. न विचारता, न थांबवता, क्षणाक्षणाला कळेल अशी आशा वाटते.

या आशेचा उगम गमतीदार आहे. जर्मनीतल्या येना शहरातला मनोविकारतज्ज्ञ हान्स बेर्गर तरुणपणी, 1893 साली, लष्करी सेवेत असताना घोड्यावरून पडला आणि तोफगाड्याखाली येता येता वाचला. त्याच दिवशी घरून तार आली, खुशाली कळव म्हणून. दूर असलेल्या बहिणीला काहीतरी अघटित घडल्यासारखं वाटलं होतं. एका मनातलं दुसऱ्या मनात जातं, तर ते वाहून नेणारी काही शक्ती असली पाहिजे, या विचाराने बेर्गरला आयुष्यभर धरून ठेवलं. 1924 साली त्याने माणसाच्या मेंदूतले विद्युत बदल प्रथम नोंदवले आणि पाच वर्षांनी, 1929 मध्ये, ते छापले. मन दुसरीकडे पोचवणारी शक्ती काही सापडली नाही, ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख, सापडला. डोळे मिटून स्वस्थ बसलं की सेकंदाला साधारण दहा हेलकावे घेणारी लहर दिसते आणि डोळे उघडले की ती दबते, हे त्याने पाहिलं. तीच अल्फा लहर. बेर्गरवर फारसा कुणाचा विश्वास नव्हता. केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी 1934 साली तेच पुन्हा करून दाखवलं, तेव्हा जगाने मानलं.

ढोबळ हिशेब असा. डोक्याला काम पडलं की मागच्या बाजूची अल्फा दबते, कपाळामागच्या भागात चार ते आठ हेलकाव्यांची थीटा वाढते, आणि तेराच्या वरची बीटा सजगतेशी जोडली जाते. 'ढोबळ' हा शब्द विसरू नका. तो पुढे लागणार आहे.

मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो तो 1995 सालचा एक प्रयोग. अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये नासाचं लँगली केंद्र आहे. तिथे अॅलन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांपुढे वैमानिकांचा प्रश्न होता. विमान स्वतःच उडू लागलं की वैमानिकाचं लक्ष उडतं, आणि यंत्र चुकतं त्या क्षणी तो तयार नसतो. तेव्हा वैमानिक गुंतलेला आहे की नाही हे मेंदूवरून ओळखून काम कधी त्याच्या हाती द्यायचं, कधी यंत्राकडे ठेवायचं, असं करता येईल का? लहरींच्या प्रमाणांवरून गुंतलेपणाची अनेक सूत्रं सुचली होती. त्यातलं खरं कोणतं?

पोपने ते लोकांना विचारून ठरवलं नाही. त्याने चक्र जुळवलं. माणूस पडद्यावरचं लक्ष्य जागेवर ठेवण्याचं काम करतोय. सूत्र म्हणालं की गुंतलेपणा घसरतोय, तर काम त्याच्या हातात द्यायचं. वाढतोय म्हणालं, तर यंत्राकडे. सूत्र खरोखर गुंतलेपणा मोजत असेल तर काय होईल? हाती काम आलं की लक्ष वाढेल, वाढलं की काम काढून घेतलं जाईल, मग लक्ष पुन्हा घसरेल. असं हेलकावत राहील. आता नियम उलटा करा. घसरलं तर काम काढून घ्या, वाढलं तर हातात ठेवा. मग घसरणारा घसरतच जाईल आणि अदलाबदल कमी होईल. या दोन वागण्यांतला फरक ज्या सूत्रात ठळक दिसेल, ते सूत्र चांगलं. या कसोटीवर बीटाला अल्फा आणि थीटाच्या बेरजेने भागणारं सूत्र सरस ठरलं. आज तीस वर्षांनीही ते वापरात आहे, आणि वापरणाऱ्या बऱ्याच जणांना ते कोणत्या कसोटीतून आलं याची कल्पना नसते.

या प्रयोगातली खुबी अशी की मोजमापाचीच परीक्षा घेतली गेली, आणि तीही त्याला कामाला जुंपून. ईईजीची टोपी घालून एखाद्या अॅपचे गुण छापणाऱ्या अहवालांत मला हे क्वचित दिसतं.

आता प्रयोगशाळेत या. टाळूवर मिळणारा विद्युतदाब काही दहा मायक्रोव्होल्ट असतो. तीस मायक्रोव्होल्ट धरले तर पेन्सिल सेलच्या दाबाचा पन्नास हजारावा भाग. पापणी लवली तर याच्या कित्येक पट मोठा धक्का नोंदवला जातो. दात आवळले, कपाळाला आठी पडली, तर त्या स्नायूंची वीज नेमकी बीटाच्या पट्ट्यात येऊन बसते. म्हणजे पोपच्या सूत्रात वैतागून आठ्या घालणारा माणूस रंगून गेलेला दिसू शकतो! भिंतीतल्या तारांची 50 हर्ट्झची गुणगुण वेगळीच. आपल्याकडे त्यात भर डोक्याला लावलेल्या तेलाची. येण्यापूर्वी शाम्पूने केस धुऊन या, तेल लावू नका, हे आधीच सांगावं लागतं. जाड अंबाडा किंवा घट्ट वेणी असली तर इलेक्ट्रोड त्वचेपर्यंत पोचवायला दुप्पट वेळ जातो. हा प्रश्न फक्त आपला नाही. आफ्रिकी वंशाच्या लोकांचे दाट कुरळे केस ईईजीच्या टोपीत बसत नाहीत म्हणून ते अभ्यासांतून गळत आले. कार्नेगी मेलन विद्यापीठात आर्नेल एटिएन आणि पुलकित ग्रोव्हर यांच्या गटाने केसांच्या बारीक वेण्यांमधून घट्ट बसणारे वेगळे इलेक्ट्रोड घडवले, ते यासाठीच. ज्याच्या डोक्यावर उपकरण बसत नाही, त्याचा अनुभव अहवालात येत नाही, आणि पडदा त्याच्यासाठी सुधारतही नाही.

दुसरा मार्ग प्रकाशाचा. 1977 साली ड्यूक विद्यापीठातल्या फ्रान्स योब्सिस यांनी दाखवलं की लालच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कवटीतून आत जाऊन परत येऊ शकतो, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये प्राणवायू किती हे त्यावरून ताडता येतं. याला एफ-निर्स म्हणतात. कपाळावर पट्टी बांधली की झालं, माणूस टंकलेखन करू शकतो, हलू शकतो. पण रक्त निवांत येतं. मेंदूचा भाग कामाला लागल्यापासून रक्ताचा बदल कळसाला पोचायला पाच-सहा सेकंद जातात. तेवढ्यात पडदा बदलूनही गेलेला असू शकतो.

या पट्टीवरचं सर्वांत देखणं काम बोस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठात, रॉबर्ट जेकब यांच्या प्रयोगशाळेत झालं. त्यांच्या गटातल्या इव्हन पेकने 2013 साली एक जुना वाद पट्टीखाली घातला: आकडे दाखवायला स्तंभालेख बरा की वर्तुळालेख? तज्ज्ञ वर्तुळाला नाकं मुरडतात. सगळ्यांची मोजमापं एकत्र केल्यावर दोन्हींत एक सरस असं काही निघालं नाही. पण ज्याला जो आलेख जड वाटला, त्याच्या मेंदूच्या नोंदी त्याच्या सांगण्याशी जुळल्या. जड काय हे माणसागणिक वेगळं होतं. जुळवून घेणाऱ्या पडद्याची गरज असते ती नेमकी अशा ठिकाणी.

त्याच प्रयोगशाळेतल्या बेस्ते युक्सेलने 2016 साली पियानो शिकवणारी एक प्रणाली मांडली. संगीतकार बाखच्या कोराल या रचनांमध्ये चार स्वररेषा एकत्र चालतात. नवशिक्यापुढे चारही एकदम ठेवल्या तर बोटं अडकतात. म्हणून प्रणाली आधी एकच रेषा दाखवते. कपाळावरची पट्टी त्याच्या डोक्यावरचा भार बघत राहते, आणि भार उतरला, म्हणजे ही रेषा अंगवळणी पडली, की पुढची रेषा जोडते. अवघड आहे म्हणून काही काढून घेत नाही. सोपं झालं म्हणून वाढवते. मला हा उलटा विचार फार आवडला. शिष्याचा हात बसल्याशिवाय पुढचा पलटा न देणाऱ्या बुवांना तो नवीन वाटणार नाही.

पण मी हे उदाहरण दुसऱ्याच कारणासाठी आणलं. ही प्रणाली चांगली आहे हे त्यांनी कसं ठरवलं? मेंदूवरचा भार कमी झाला का, हे बघून नाही. शेवटी वादन ऐकलं. स्वर किती बरोबर लागले, लय किती साधली. आपापल्या नेहमीच्या पद्धतीने शिकण्यापेक्षा प्रणालीवर शिकून लोकांनी जास्त अचूक आणि जास्त वेगाने वाजवलं, म्हणून प्रणाली चांगली.

समजा, एखाद्या कंपनीने बँकेचं अॅप केलं. ते ईईजीवरून भार ओळखतं आणि भार वाढला की पडद्यावरचे पर्याय कमी करतं. मग कंपनी अहवाल देते की आमच्या अॅपने ग्राहकाचा बौद्धिक भार घटवला. घटणारच! ज्या सूत्राला खाली आणण्यासाठी पडदा बदलत होता, त्याच सूत्राने त्याची परीक्षा घेतली. विद्यार्थ्याने स्वतःचीच उत्तरपत्रिका तपासली. ग्राहकाचे पैसे योग्य खात्यात गेले का, व्याजाची अट त्याच्या डोळ्यांखालून गेली का, हे त्या आकड्यात नाही. उलट कर्जाच्या अटी लपवल्या तर भार आणखी कमी होईल. भार कमी म्हणजे अनुभव चांगला, हे समीकरणच कच्चं आहे. बुद्धिबळ खेळणाऱ्याचा भार मोठा असतो आणि तो त्यासाठीच बसलेला असतो. कंटाळलेल्याचा भार कमी असतो.

आकड्यामागे भावना जोडण्याची घाई तर याहून धोक्याची. 2011 साली न्यू यॉर्क टाइम्समध्ये मार्टिन लिंडस्ट्रॉम या विपणन सल्लागाराचा लेख आला. आयफोनचा आवाज ऐकून आणि चित्र बघून लोकांच्या मेंदूतला इन्सुला नावाचा भाग उजळतो, तो प्रेमाशी जोडलेला आहे, म्हणून लोक आयफोनवर अक्षरशः प्रेम करतात, असा त्यांचा दावा. रसेल पोल्ड्रॅक आणि चाळीसहून अधिक मेंदूशास्त्रज्ञांनी संपादकांना पत्र लिहिलं: इन्सुला मेंदूच्या चित्रणाच्या जवळपास एक तृतीयांश अभ्यासांत उजळलेला दिसतो, आणि किळस आली तरी उजळतो. त्याच्या दोन वर्षं आधी क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी बाजारातून आणलेला मेलेला सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवून त्याला माणसांची चित्रं दाखवली होती. आकडेवारीची पथ्यं पाळली नाहीत तर त्याच्याही मेंदूत हालचाल दिसते, हे सिद्ध झालं. पुढे 2012 मध्ये त्यांना इग नोबेल हे गमतीचं पारितोषिक मिळालं. मासा कोणत्या भावनेत होता हे कुणी विचारलं नाही.

मग हातात काय उरतं? पुष्कळ उरतं. मेंदूची मोजमापं 'कधी' आणि 'किती' याची उत्तरं बरी देतात. 'का' याचं देत नाहीत. जुळवून घेणाऱ्या इंटरफेससाठी 'कधी' सर्वांत मोलाचं. यंत्राने अपेक्षेविरुद्ध काही केलं की ते पाहिल्यावर सेकंदाच्या एका अंशात कपाळाच्या मध्यरेषेमागून एक प्रतिसाद उमटतो. संशोधक त्याला चूक-प्रतिसाद म्हणतात, म्हणजे चूक पाहून उमटलेला. एकेका वेळी तो ओळखताना यंत्र चुकतं. पण मेनू बदलल्याच्या पन्नास क्षणांची सरासरी काढली, तर कोणता बदल वापरणाऱ्याला खटकला ते कळतं. ते क्षण कळले की तिथली पडद्याची नोंद काढायची, वापरणाऱ्याला तीच दाखवायची आणि विचारायचं, इथे काय झालं? प्रश्नावली टाकून द्यायची नाही. ती कुठे विचारायची, हे मेंदूकडून घ्यायचं.

हाच प्रतिसाद थोर्स्टन झांडर यांच्या बर्लिनमधल्या गटाने 2016 साली वेगळ्या कामाला लावला. पडद्यावर ठिपक्यांची जाळी. एक कर्सर एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर उड्या मारतोय. समोरचा माणूस फक्त बघतोय. कर्सर लक्ष्याच्या दिशेने गेला की त्याच्या मेंदूत एक प्रतिसाद, भलतीकडे गेला की दुसरा. संगणक ते गोळा करत गेला आणि कर्सर लक्ष्याकडे वळत गेला. आपणच तो वळवतोय हे त्या माणसाला माहीत नव्हतं.

माहीत नव्हतं. माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत मोठा प्रश्न इथे आहे, आणि महाराष्ट्राला तो एकदा भिडलेला आहे. 2008 साली पुण्याच्या सत्र न्यायालयात एका खून खटल्यात आरोपीच्या डोक्यावर इलेक्ट्रोड लावून केलेल्या चाचणीला निकालात पुरावा म्हणून स्थान मिळालं. आरोपी गप्प बसलेली. गुन्ह्याबद्दलची वाक्यं वाचून दाखवली जात होती, आणि ते कृत्य तिने स्वतः अनुभवलेलं आहे की नाही हे मेंदूच्या लहरींवरून सांगता येतं, असा चाचणीचा दावा. जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्यावर आक्षेप घेतले. पुढे 5 मे 2010 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सांगितलं की संमतीशिवाय कुणाचीही अशी चाचणी करता येणार नाही. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही, हा घटनेच्या विसाव्या अनुच्छेदातला हक्क त्याच्या मुळाशी होता. बोलायला नकार देणाऱ्याच्या मेंदूतून उत्तर काढणं हीही सक्तीच, असा त्याचा रोख.

न्यायालयापुढे पोलीस होते. आपल्यापुढे मालक असेल, शाळा असेल, अॅप असेल. 2019 साली चीनमध्ये झेजियांग प्रांतातल्या एका प्राथमिक शाळेत मुलांच्या कपाळावर ईईजीच्या पट्ट्या बांधल्या होत्या. लक्ष किती आहे त्याप्रमाणे पट्टीवर दिव्याचा रंग बदलायचा आणि आकडे शिक्षकांकडे जायचे. बोभाटा झाल्यावर स्थानिक शिक्षण विभागाने तो वापर थांबवला. चिलीने 2021 मध्ये मेंदूच्या हालचालींचं संरक्षण घटनेत घातलं. 2023 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ईईजीच्या पट्ट्या विकणाऱ्या एका कंपनीला माजी सिनेटरच्या मेंदूची माहिती पुसून टाकायला सांगितलं. आपला डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदाही 2023 चाच. त्यात मेंदूच्या माहितीला वेगळं स्थान नाही, आणि ते असावं असं माझं मत आहे.

टफ्ट्सचा पियानो आणि चीनमधली ती शाळा, दोन्हींत कपाळावरच्या पट्टीतून मेंदूचंच मोजमाप झालं. पियानोत तो आकडा शिकणाऱ्याच्या पुढच्या रेषेपुरता वापरला गेला. शाळेत तो आकडा बघणारा दुसराच होता, आणि कपाळावरचा दिवा मुलाला स्वतःला दिसतही नव्हता. तेव्हा मेंदूवरून सिद्ध झालेला एखादा इंटरफेस तुमच्यापुढे आला तर मी तीन गोष्टी विचारीन. ज्या आकड्यावर पडदा बदलतो, त्याहून वेगळ्या कशाने तो तपासला आहे का? केसाळ, तेलकट, वयस्क, सगळी डोकी त्या तपासणीत होती का? आणि आकडा शेवटी कुणाच्या पडद्यावर उमटतो?

संयोजकांनी प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखून ठेवला आहे. मेंदूविज्ञानाचे कुणी विद्यार्थी सभागृहात असतील तर थीटाच्या बाबतीत मी ढोबळ बोललो त्यावर त्यांनी आधी हरकत घ्यावी. मी इथे थांबतो.